एक्कावन्न कवड्या

माझा मुलगा आलोक आणि सून ज्योत्स्ना यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. माझी नात उर्वी हैदराबादहून येतानाच सगळं ठरवून आली होती. नुसतं जेवण आणि हारतुरे नकोत, कॅसिनो पार्टी करायची.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"म्हणजे आजी, टेबलं मांडायची. पत्ते, चक्र, फासे. सगळं खोटं खोटं. निदान लोक हसतील, बोलतील. नाहीतर आपल्याकडे पनीर खातात, पाकीट देतात आणि घरी जातात."

दुसऱ्या दिवशी लातूरहून प्रेम आला. तिशीतला, गोड बोलणारा. असल्या पार्ट्या भरवणं हाच त्याचा धंदा. त्याने चहाच्या टेबलावर एक लाकडी चक्र ठेवलं, शेजारी रंगीत प्लास्टिकच्या चकत्या रचल्या आणि समजावून सांगितलं. टेबलं त्याची, टेबलामागे काळं जाकीट घातलेली माणसं त्याची. दारात प्रत्येक पाहुण्याला चकत्या फुकट द्यायच्या. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात जास्त, त्याला बक्षीस.

आलोक कॉलेजात प्राध्यापक आहे. तो चुळबुळत होता. "हे नांदेड आहे, बाबा. आमचे प्राचार्य येणार. उद्या स्टाफरूममध्ये म्हणतील, सरांनी जुगाराचा अड्डा काढला."

"सर, पैसाच न्हाई तर जुगार कसला?" प्रेम म्हणाला. "मागच्या महिन्यात उदगीरला डॉक्टरसाहेबांकडं केलं. त्यांच्या सासूबाई चक्रापासून उठेनात. जेवायला उठवायला दोन माणसं पाठवली आम्ही."

आलोक हसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. अडलं की आमच्या घरात सगळे माझ्याकडेच बघतात. कुणाची मुंज कधी झाली, कुणाच्या लग्नात कुणी रुसवा धरला, सगळं मला पाठ असतं, असा माझा लौकिक आहे. मलाही तो आवडतो.

मी म्हटलं, "आमच्या होळी भागातल्या माहेरच्या घरी दिवाळीच्या पाडव्याला आत्या कवड्या मांडायची. सात कवड्या टाकायच्या. किती उताण्या पडतील ते आधी सांगायचं. प्रत्येकाने एकेक कवडी डावावर लावायची. ज्याचं खरं ठरेल त्याने सगळ्या उचलायच्या. कुणाचंच खरं ठरलं नाही तर त्या तशाच पुढच्या डावाला. आमचे वडीलसुद्धा बसायचे. त्याला कुणी जुगार म्हटलं नाही."

उर्वीने टाळीच वाजवली. "हेच! आजीचं टेबल! बाकी टेबलांवर चकत्या आणि आजीच्या टेबलावर खऱ्या कवड्या. बाबा, मग कोण काय बोलणार?"

"पण आत्याच्या कवड्या आता कुठे असणार?" आलोक म्हणाला.

"आहेत की," मी म्हटलं. "माझ्याच कपाटात."

हे खोटं होतं. आत्याच्या कवड्या मी बारा वर्षांची असताना माझ्या भावाने गोट्यांच्या बदल्यात गल्लीत वाटून टाकल्या होत्या. तेही मला चांगलं आठवत होतं. कपाटात कवड्या होत्या, पण त्या माझ्या नव्हत्या.

त्या महादेवीच्या होत्या.

मी लातूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते तेव्हा महादेवी आमच्याकडे स्वयंपाकाला होती. किल्लारीजवळच्या एका खेड्यातली. नवऱ्याने टाकलेली, म्हणून लातूरला येऊन काम धरलेलं. आलोक शाळेतून आला की आधी स्वयंपाकघरात जायचा आणि मग मला दिसायचा, इतकं त्याला तिच्या हातचं लागायचं. तिची सासू रत्नम्मा तुळजाभवानीची आराधीण होती. मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पेटता पोत घेऊन नाचायची. मुलाने बायकोला टाकलं तरी सासूने सुनेला टाकलं नाही. महादेवीचा मलप्पा नऊ वर्षांचा होता, तो गावी आजीजवळ राहायचा.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दिवशी महादेवी गावी जायची होती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवायला होते. मीच म्हटलं, "उद्याचं उरकून जा गं." ती थांबली. पहाटे भूकंप झाला.

रत्नम्मा आणि मलप्पा दोघंही गेले. आठ दिवसांनी महादेवी परत आली ती एक फडकं घेऊन. आत रत्नम्माची माळ होती. ढिगाऱ्यातून काढलेली, दोरा शाबूत. एक कवडी कडेला करपलेली, पोताने कधीतरी चाटलेली.

"बाई, ही तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "आत्तीच्या माघारी ही मी घालायची. पन माझा आईवर लई राग हाय. मला ती डोळ्यासमूर नगं. टाकून बी देता येत न्हाई. राग उतरला की नेईन."

सासूला ती आत्ती म्हणायची आणि देवीला आई. माझ्यावर राग आहे असं ती कधी बोलली नाही. मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी यजमानांची नांदेडला बदली झाली, आम्ही आलो. ती नव्या वस्तीत पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. सुरुवातीला एक-दोन पत्रं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. मग तीही थांबली. माळ बिस्किटांच्या डब्यात राहिली. एकतीस वर्षं.

मी ती विसरले होते असं म्हणायला मला आवडलं असतं.

त्या दुपारी ज्योत्स्ना आणि उर्वी बाजारात गेल्या होत्या. मी डबा काढला. माळ मांडीवर घेतली. मनात म्हटलं, इतक्या वर्षांत ती आली नाही, आता काय येते. कदाचित नसेलही. पार्टी झाली की मी पुन्हा ओवून ठेवीन, जशी होती तशी. मग शिवणाच्या कात्रीने दोरा कापला. दोरा काळा पडला होता, तरी चिवट होता. दोनदा कात्री चालवावी लागली.

एक्कावन्न कवड्या निघाल्या. तोवर मी त्या कधी मोजल्यासुद्धा नव्हत्या.

पुढचे आठ दिवस माझे फार छान गेले, हे सांगायला आज जीभ जड होते. प्रेमने माझ्या टेबलासाठी "आजींचा डाव" अशी पाटी रंगवून आणली. रोज दुपारी उर्वी आणि ज्योत्स्नाला घेऊन मी सराव करत होते. सात कवड्या मी टाकायला काढल्या, त्यात ती करपलेलीही होती. बाकीच्या चव्वेचाळीस पाहुण्यांना वाटायला. उर्वी माझे व्हिडिओ काढायची आणि घराण्याच्या ग्रुपवर टाकायची. "ही आमची कॅसिनोवाली आजी." पुण्याहून, संभाजीनगरहून कुणाकुणाचे फोन येत होते. इतकी वर्षं मी गोष्टी सांगत आले होते आणि लोक हं हं म्हणत मोबाइल बघत होते. आता ते माझ्याकडे बघत होते.

पार्टीच्या आदल्या दिवशी चार वाजता आलोकची गाडी दारात लागली. तो लातूरला कामाला जातो म्हणून सकाळी गेला होता. त्याने मागचं दार उघडलं, हात दिला आणि एक वाळकी, ताठ म्हातारी उतरली.

"आई, ओळख कोण!"

मी ओळखलं. हातातली शेंगांची परडी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"बाई, लई म्हातारं झालात की," महादेवी म्हणाली.

"आणि तू काय नवरी दिसतेस?" मी म्हटलं, आणि ती खळखळून हसली. तीस वर्षांपूर्वी ओट्याजवळ हसायची तशीच.

आलोकने तिचा पत्ता दोन महिने खटपट करून काढला होता. ती किल्लारीत पुतणीजवळ राहते. त्याला वाटलं होतं, माझ्यासाठी याहून मोठी भेट नाही. खरंच नव्हती.

तिने घर पाहिलं, यजमानांच्या फोटोला हात जोडले, ज्योत्स्नाच्या हातचा चहा पिऊन "गोड कमी हाय, पन चालंल" म्हणाली. मग दोघीच उरलो तेव्हा खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाली, "बाई, राग उतरला माझा."

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"आईवरचा. लई दिवस लागले. गेल्या साली पुतणीसंगं तुळजापूरला गेले. पायरीवर बसले आन् रडले. म्हन्लं, आता घालते तुजी माळ. बाई, माळ हाय न्हवं?"

"आहे तर," मी म्हटलं. "नीट ठेवलीय. देव्हाऱ्यात."

"मला ठाव होतं. पुतनी म्हनायची, एवढ्या वर्सांत कोन ठेवतंय. म्हन्लं, माजी बाई हाय ती, तुला न्हाई कळायचं. आता बघू द्या की."

"आज नको. उद्या पार्टी होऊ दे. परवा सकाळी पूजा करून हातात देते."

"हाव, तसंच करा. पूजा करूनच द्या." तिने माझ्या हातावर हात ठेवला.

सकाळी उठल्या उठल्या मी उर्वीला गाठलं. म्हटलं, कवड्या दे. दुपारपर्यंत ओवून होतील, टेबलावर चकत्या ठेवू, काहीतरी कारण सांगू.

उर्वीने खोका उघडला. चव्वेचाळीस कवड्या सोनेरी रंगात झगमगत होत्या.

"सरप्राइज! प्रेमदादाने फवारा मारून दिला. दिव्यात काय दिसतील, आजी! टाकायच्या सात तेवढ्या पांढऱ्या ठेवल्यात."

मी एक उचलून नखाने खरवडली. रंग निघाला नाही.

"अगं, काय करतेस? आवडल्या नाहीत का तुला?"

तेव्हा सांगता आलं असतं. उर्वी शहाणी आहे, तिने पार्टीच थांबवली असती. मी म्हटलं, "छान दिसतायत."

तरोड्याकडच्या एका लॉनवर पाच वाजल्यापासून माणसं जमायला लागली. चक्राभोवती गर्दी झाली, आलोकचे प्राचार्य पत्त्यांच्या टेबलावर सगळ्यात आधी बसले आणि काळ्या जाकिटातल्या मुलीला "आणखी एक पान, आणखी एक पान" म्हणत राहिले. माझ्या टेबलाला अकरा खुर्च्या होत्या. दहा भरल्या. अकराव्या खुर्चीवर आलोकने महादेवीला आणून बसवलं.

"हिला खेळव, आई. हिच्याशिवाय मी मोठा झालो नसतो."

उर्वीने प्रत्येकापुढे चार-चार सोनेरी कवड्या ठेवल्या. महादेवीने एक उचलली. सोनेरी बाजू पाहिली, उलटी केली, पाठीवरच्या छिद्रावर अंगठा फिरवला. माळेच्या कवडीची पाठ घासून छिद्र पाडलेलं असतं, दोरा जावा म्हणून. मग तिने समोरच्या सात पांढऱ्या कवड्यांकडे पाहिलं. करपलेली वरच होती.

तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे.

"मावशी, सांगा, किती उताण्या?" ज्योत्स्नाची लातूरची बहीण मनिषा म्हणाली.

"सुरू करा की बाई," महादेवी म्हणाली. "डाव तुमचा हाय."

मी कवड्या टाकल्या. सगळ्यांनी तीन, चार असं सांगितलं होतं. महादेवीने सांगितलं होतं सहा. सहा उताण्या पडल्या. तिने अकरा कवड्या दोन्ही हातांनी ओढल्या आणि पदरात घेतल्या.

दुसऱ्या डावाला ती सात म्हणाली. सात पडल्या.

"अरे बापरे! मावशींनी मंत्र टाकला का काय?"

मंत्र कसला. पाठ घासलेली कवडी सपाट पाठीवरच बसते, तोंड वर करून. आठ दिवस सराव करताना मी ते पाहत होते आणि माझा हात चांगला आहे असं समजत होते. तिला मात्र एका नजरेत कळलं. ती सहा म्हणायची, नाहीतर सात. एखादा डाव चुकायचा, पुढचा साधायचा. प्रत्येक वेळी ती कवड्या न मोजता पदरात टाकायची. लोक दुसरी टेबलं सोडून आमच्याभोवती जमले. प्रेम माइकवरून ओरडत होता, "किल्लारीच्या मावशींचा दणका!" महादेवी हसत नव्हती. दुकानातून सामान घेतल्यासारखी ती तिची वस्तू एकेक करून परत घेत होती, आणि ते तिला माझ्याच टेबलावर, माझ्याच नियमाने जिंकून घ्यावं लागत होतं.

मी हात वाकडा करून कवड्या टाकून पाहिल्या, सगळ्या उताण्या पडाव्यात म्हणून.

"मुद्दाम नगं, बाई," ती फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली. "सरळ टाका."

सातच्या सुमारास इतरांपुढच्या कवड्या संपल्या. प्रेमने तिचा हात वर केला. बक्षीस म्हणून चांदीचा मुलामा दिलेली समई होती. महादेवीने ती घेतली नाही.

"मला ह्या कवड्याच द्या," ती म्हणाली. "आन् त्या सात बी."

प्रेम गोंधळला. "मावशी, सामान आमचं असतं तर लगेच दिलं असतं. पन ह्या आजींच्या हायेत. त्यांच्या आत्याच्या, जुन्या. काय आजी, द्यायच्या का?"

त्याने माइक माझ्या तोंडापुढे धरला. शंभर-सव्वाशे माणसं जमली होती. आलोक, ज्योत्स्ना, उर्वी, सगळे माझ्याकडे बघत होते. उर्वीने मोबाइल वर धरला होता.

तिच्याच आहेत. दोन शब्द. मला ते जिभेवर जाणवत होते. माझ्या जागी दुसरं कुणी असतं आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली असती, तर मी म्हटलं असतं, बोलायला काय झालं होतं बाईला?

मी म्हटलं, "दिल्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य उभे राहून वाजवत होते. आलोकचे डोळे भरून आले. त्याने मला सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. महादेवीने सात पांढऱ्या कवड्या उचलून पदरात टाकल्या आणि पदराला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठून मागच्या अंगणात बसली होती. पुढ्यात पाण्याची बादली, चिंच, जुना ब्रश. सोनेरी रंग थोडा थोडा निघत होता. मी शेजारी पाट घेऊन बसले. एक कवडी उचलली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली, रागाने नाही.

"पन्नास हायेत," ती म्हणाली. "एक कमी हाय."

"शोधते मी. आणि नवा दोरा आणते, ओवून..."

"दोरा मीच घालीन. तुळजापूरला जाऊन."

मग मी सगळं सांगितलं. आत्याच्या कवड्यांचं खोटं, कात्री, देव्हाऱ्याचं खोटं. शेवटी म्हटलं, "त्या वर्षी मीच तुला थांबवलं होतं, महादेवी. विसर्जनाला. तेही माझ्या..."

"ते काडू नका," ती म्हणाली. बराच वेळ ब्रश चालवत राहिली. "बाई, माळ तुटली असती, हरवली असती, उंदरानं कुरतडली असती, तरी मी काय बोलले नसते. तुम्ही कापली, ते बी गिळीन. कवड्या मला मिळाल्या. पन दिल्या म्हन्लात ना, तेवढं नको होतं."

आलोकने तिला दहाच्या लातूरच्या बसमध्ये बसवलं. गाडीने सोडतो म्हणाला तर ती ऐकेना. समई त्याने तिच्या पिशवीत ठेवली होती. ती तिने निघताना आमच्या दाराच्या पायरीवरच काढून ठेवली होती.

दुपारी उर्वी माझ्याजवळ आली. तिने घराण्याच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला होता. खाली नमस्काराचे हात, फुलं, "काय ही दानत", "जुनी माणसं म्हणजे सोनं". ती एकेक वाचून दाखवत होती.

"उर्वी, ते बंद कर आणि मी सांगते ते लिही," मी म्हटलं. "लिही, त्या कवड्या माझ्या नव्हत्या. महादेवीच्या होत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं, पण लिहिलं आणि पाठवलं. लगेच उत्तरं यायला लागली. "किती नम्रपणा!" "मोठी माणसं असंच म्हणतात, देणाऱ्याचं काही नसतं." पुन्हा नमस्कार. पुन्हा फुलं.

मी मोबाइल मागून घेतला. मला बोटाने लिहायला वेळ लागतो. चष्मा पुसून लिहिलं: "नम्रपणा नाही. मी खोटं बोलले. आत्याच्या कवड्या माझ्या लहानपणीच गेल्या. ही महादेवीच्या सासूची देवीची माळ होती. भूकंपानंतर तिने ती माझ्याकडे सांभाळायला दिली होती. पार्टीत मिरवता यावं म्हणून मी ती कात्रीने कापली. ती माळ न्यायला आली तेव्हाही मी खोटं सांगितलं. तिने स्वतःची वस्तू खेळून जिंकून घेतली आणि मी ती दिली असं म्हटलं. टाळ्या परत घ्या. प्रमोदिनी."

उर्वी माझ्या खांद्यावरून वाचत होती. "आजी," ती म्हणाली, "तू कापलीस?"

"हो."

तिने माझ्या पाठीवरचा हात काढला नाही, पण थोडा वेळ तो तिथे नुसताच राहिला.

मी पाठवलं. ग्रुपवर एकोणसाठ माणसं आहेत. एरवी कुणी जिलबीचा फोटो टाकला तरी वीस उत्तरं येतात. या वेळी काहीच आलं नाही. आलोक बाहेरून आला, त्याने ते वाचलं, माझ्याकडे न बघता आत गेला. नळ चालू झाल्याचा आवाज आला. बराच वेळ चालू राहिला.

चहाच्या वेळी मोबाइल वाजला. मनिषाचा निरोप होता, लातूरहून.

"काकू, एक सोनेरी कवडी आठवण म्हणून मी पर्समध्ये टाकून आणली होती. माफ करा. कुरिअरने पाठवू का?"

मी लिहिलं, "पाठवू नकोस. मी उद्या सकाळच्या बसने लातूरला येते. तुझ्याकडून घेऊन पुढे किल्लारीला जायचं आहे."